समाजकार्यात ‘डॉक्टर’ व्हायचं म्हणजे काय? हिंगणा रोडवरून एक गोष्ट

भाग ऐकायचा राहिला असेल, किंवा आज इअरफोन घरीच राहिले असतील, तर हे घ्या, सगळं लिहून काढलंय.

नागपूर मेट्रोच्या ॲक्वा लाइनने सीताबर्डीहून पश्चिमेला निघालात की शेवटचं स्टेशन येतं लोकमान्य नगर. खाली उतरलं की हिंगणा रोड. एका बाजूला एमआयडीसीच्या शेड, पुढे वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह. सकाळी याच रस्त्यावर दोन गर्दी एकमेकांत मिसळतात. एक कॉलेजची, पाठीवर बॅग घेतलेली. दुसरी कंपनीच्या गेटकडे चाललेली, हातात डबा घेतलेली.

आता समजा, या गर्दीत एक मुलगी उभी आहे. तिचं एमएसडब्ल्यू झालंय आणि हातात प्रश्नावली आहे. ठेकेदाराकडे रोजंदारीवर काम करणाऱ्या बायकांवर तिला पीएच.डी. करायचीय. घरचे विचारतात, “अजून किती वर्षं शिकणार बाप्पा?” आणि हा प्रश्न फक्त घरचेच विचारतात असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’च्या फेलोशिपवर चर्चा चालू होती. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. केवढा गदारोळ झाला, तुम्हाला आठवत असेल.

रागावणं सोपं आहे. पण आपण तो सवाल खरंच घेऊ या. पीएच.डी.साठी विद्यापीठ नेमकं काय मागतं? आणि ते तसं का मागतं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. प्रबंधाचं कामही तिथे असतानाच झालं. पण ‘डॉक्टर’ ही पदवी हातात पडली ती थेट १९२७ मध्ये. मधली दहा वर्षं कुठे गेली? तर कोलंबियाची तेव्हा एक अट होती: प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा करायच्या. छापायचा म्हणजे खर्च आला. शिष्यवृत्तीची मुदत संपली, ते भारतात परतले, नोकरी धरली, पुन्हा लंडनला गेले. अखेर १९२५ मध्ये लंडनच्या प्रकाशकाने ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक काढलं. त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि ते अर्पण झालं सयाजीरावांना. मग पदवी.

ही अट जाचक होती, यात वाद नाही. पैसा नसलेल्या माणसाला तिने दहा वर्षं ताटकळत ठेवलं. पण तिच्यामागे एक विचार होता. तुम्ही नवीन काही शोधलंय म्हणता? मग ते कुणालाही विकत घेऊन वाचता आणि तपासता आलं पाहिजे. पीएच.डी.च्या अटींमध्ये या दोन गोष्टी कायम सोबत चालतात. एकीकडे ज्ञान तपासणं, दुसरीकडे ज्याच्याकडे वेळ आणि पैसा नाही त्याला दाराबाहेर ठेवणं. पुढचा सगळा इतिहास या दोघांच्या ओढाताणीचा आहे.

आता समाजकार्याकडे येऊ. आपल्याकडे हा विषय कॉलेजात आला १९३६ मध्ये. मुंबईच्या नागपाड्यात, कामगारांच्या वस्तीत, अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट एक केंद्र चालवत होते. टाटा ट्रस्टच्या पैशातून तिथेच ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झालं. हेच पुढे टिस झालं. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटी मिळायचा तो डिप्लोमा. डिग्री नाही बरं का! वर्गात बसणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच वस्तीत जाऊन काम करणं महत्त्वाचं. आजही एमएसडब्ल्यूवाल्यांना विचारा, फील्डवर्कची डायरी म्हटलं की घाम फुटतो. ती परंपरा तिथली.

नागपुरात हेच झालं, पण उलट्या वाटेने. इथे आधी काम उभं राहिलं, कॉलेज नंतर आलं. १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ सुरू केला. बाळंतपणात बायका दगावू नयेत म्हणून एक छोटं सूतिकागृह, एवढीच सुरुवात. त्याच संघाने १९५८ मध्ये समाजकार्याची संस्था काढली. म्हणजे विदर्भात समाजकार्याचं शिक्षण बाळंतिणीच्या खाटेपासून सुरू झालं, असं म्हणायला हरकत नाही.

पण डिप्लोमा देणं वेगळं आणि डॉक्टरेट देणं वेगळं. डॉक्टरेट द्यायला विद्यापीठाचा अधिकार लागतो. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, पण समाजकार्य हा विषय तिथे पुढे आला. टिसला तर विद्यापीठासारखा दर्जा मिळाला तो १९६४ मध्ये. तेव्हा दुसराच पेच उभा राहिला. वस्तीत काम करणाऱ्यांच्या विषयात ‘संशोधन’ कशाला म्हणायचं? एखाद्या ताईने वीस वर्षं दारूबंदीचं काम केलं, तर तो प्रबंध होतो का? उत्तर ठरलं: नाही. काम कितीही मोठं असो, त्यातून असा प्रश्न काढावा लागतो ज्याचं उत्तर आधी कुणी दिलेलं नाही, आणि ते उत्तर पुराव्याने सिद्ध करावं लागतं.

हे सगळं तपासायचं कसं, याचे देशभर एकसारखे नियम मात्र फार उशिरा आले. यूजीसीने २००९ मध्ये पीएच.डी.साठी किमान निकष लावले, २०१६ मध्ये ते बदलले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा नवे आणले. आज आपल्या हिंगणा रोडवरच्या मुलीपुढे साधारण असा रस्ता आहे.

आधी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सूट आहे. मग नेट किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, आणि मुलाखत. विद्यापीठाच्या परीक्षेत अर्धे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात, अर्धे विषयावर. २०२४ पासून नेटच्या गुणांवरही प्रवेश मिळायला लागलाय. तिथे नेटला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०.

गाइड मिळणं ही वेगळी कसरत. प्राध्यापकाला एका वेळी ८ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४. म्हणून ‘सर, जागा आहे का?’ हा प्रश्न विषयाच्या आधी विचारावा लागतो. त्यानंतर किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, त्यात संशोधनाच्या नैतिकतेचा पेपर. दर सत्राला सल्लागार समितीपुढे जाऊन काय केलं ते सांगायचं. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुन्हा नोंदणी केली तर आणखी २. महिलांना आणि दिव्यांगांना त्यावर २ वर्षांची सवलत, आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. नोकरी सांभाळून अर्धवेळही करता येते. शेवटी वाङ्मयचौर्याची तपासणी, दोन बाहेरचे परीक्षक आणि मौखिक परीक्षा. २०१६ च्या नियमात आधी शोधनिबंध छापण्याची सक्ती होती. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली आणि २०२२ मध्ये ती सक्ती गेली.

बघा, बाबासाहेबांच्या वेळचा छपाईचा खर्च आता नाही. प्रबंध ‘शोधगंगा’ या सरकारी संकेतस्थळावर चढवला जातो, तुम्ही मोबाइलवर फुकट वाचू शकता. पण दारातली दुसरी अट तशीच आहे: वेळ आणि पैसा. तीन ते सहा वर्षं घर कसं चालवायचं? म्हणून जेआरएफ लागते. म्हणून बार्टी, सारथी आणि नागपुरातच मुख्यालय असलेली महाज्योती यांच्या फेलोशिपसाठी मुलं उपोषणाला बसतात. फेलोशिप नसेल, तर हिंगण्याच्या कामगाराची मुलगी हिंगण्याच्या कामगारांवर पीएच.डी. करूच शकणार नाही. ते काम दुसरं कुणी करेल, बाहेरून येऊन.

आणि आतल्या माणसाने ते करणं का महत्त्वाचं, हे गेटवर उभं राहिलं की कळतं. प्रश्नावलीत लिहिलंय ‘मासिक उत्पन्न’. पण रोजंदारीवरच्या बाईला महिन्याचा आकडा सांगता येत नाही, कारण किती दिवस काम मिळेल हे तिलाच ठाऊक नसतं. वस्तीत वाढलेल्या मुलीला हे माहीत असतं. ती विचारते, “मागच्या आठवड्यात किती दिवस काम लागलं?” मग खरी माहिती येते. तिला हेही माहीत असतं की उत्तर देणारीचं नाव ठेकेदारापर्यंत पोचलं, तर उद्या तिला गेटवरून परत पाठवतील. म्हणून नाव लपवायचं, आणि तेवढ्याने ओळख लपत नसेल तर शेडचाही उल्लेख टाळायचा. नैतिकतेच्या पेपरातला एक धडा इथे एखाद्या बाईच्या चुलीचा प्रश्न होतो.

आता शेवटचा मुद्दा. पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असते. नियमात लिहिलंय की समितीचे सदस्य, प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी तिला बसू शकतात. त्या यादीत सगळे आहेत. जिच्यावर प्रबंध लिहिला, ती निलडोहची बाई मात्र नाही. कुठल्याही अटीत असं म्हटलेलं नाही की निष्कर्ष तिला, तिच्या भाषेत, एकदा तरी सांगून या. नागपाड्यात आणि कमलाताईंच्या सूतिकागृहात जे आधी आलं होतं, तेच पदवीच्या अटींमधून गळालं.

पण नियमात नाही म्हणून कुणी अडवलंय थोडंच? एक रविवार पुरतो. वस्तीतल्या समाजमंदिरात सतरंजी टाकायची आणि दहा पानांचा मराठी सारांश वाचून दाखवायचा. एखादी बाई म्हणेल, “हे चुकलं पोरी, असं नसते.” तो शेरा बाहेरच्या दोन्ही परीक्षकांना देता येणार नाही.

काय दिवे लावणार, या सवालाचं उत्तर मला तरी त्या सतरंजीवर दिसतं. तुमच्यापैकी कुणी पीएच.डी. करत असाल, तर सारांश मराठीत लिहिलाय का, तेवढं स्वतःला विचारा. आणि करत नसाल, तर आज शोधगंगा उघडा, आपल्या तालुक्याचं नाव टाका. आपल्यावर कुणी काय लिहून ठेवलंय, ते आपल्याला माहीत असायला नको का?

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.