चाकांवरील हॉकी आणि तिचें जगज्जेतेपद

हॉकी हा शब्द उच्चारतांच भारतीय मनाला १९३६ सालचें बर्लिन आठवतें. त्या वर्षीं ऑगस्टच्या १५ तारखेस ध्यानचंदांच्या संघानें यजमान जर्मनीचा आठ विरुद्ध एक अशा गोलांनीं पराभव केला आणि ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. ही कथा शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असते. परंतु त्याच वर्षीं, त्याच जर्मनींतील स्टुटगार्ट नगरींत, दुसऱ्याच एका हॉकीचें जगज्जेतेपद प्रथम ठरविण्यांत आलें, ही वार्ता आपल्याकडे फारशी पोंचलेली नाहीं. ही हॉकी हिरवळीवर खेळली जात नाहीं, बर्फावरहि नाहीं. ती खेळतात पायांत चाकांचे बूट घालून, गुळगुळीत लादीवर किंवा फळ्यांच्या जमिनीवर. तिला रोलर हॉकी म्हणतात. तिच्या जागतिक स्पर्धेचा इतिहास हा केवळ हारजितींचा हिशेब नाहीं. एखादा खेळ आपली जन्मभूमि सोडून परक्या भूमींत कसा रुजतो, आणि राष्ट्र कोणास म्हणावें हा बिकट प्रश्न क्रीडांगणावर कसा उभा राहतो, हें त्यांत पाहावयास मिळतें.

चाकांच्या बुटांचा जनक म्हणून जॉन जोसेफ मर्लिन याचें नांव घेतात. हा कारागीर आजच्या बेल्जममधील हुई गांवीं १७३५ सालीं जन्मला आणि पुढें लंडनांत स्थायिक झाला. एका मेजवानीच्या प्रसंगीं तो चाकांवर उभा राहून व्हायोलिन वाजवीत दिवाणखान्यांत शिरला. परंतु थांबावें कसें व वळावें कसें याची योजना त्यानें केलेलीच नव्हती. तेव्हां तो एका भल्यामोठ्या आरशावर आदळला, आरसा फुटला, व्हायोलिन मोडलें आणि स्वतः मर्लिनहि जखमी झाला, अशी कथा सांगतात. ही वळण्याची अडचण शंभर वर्षे तशीच राहिली. ती सोडविली अमेरिकेच्या जेम्स प्लिंप्टन यानें, १८६३ सालीं. त्यानें बुटाखालीं पुढें दोन व मागें दोन अशीं चाकें बसविलीं आणि त्यांच्या आंसांना रबराचा आधार दिला. त्यामुळें शरीराचा तोल ज्या बाजूस झुकेल त्या बाजूस चाकें आपोआप वळूं लागलीं. मग काय, अमेरिकेंत व इंग्लंडांत या नव्या करमणुकीसाठीं मोठमोठीं सभागृहें उभीं राहिलीं, आणि तेथें जमलेल्या तरुणांनीं हातांत काठ्या घेऊन चेंडू टोलवावयास आरंभ केला. रोलर हॉकीचा उगम तो असा.

आज रूढ असलेल्या खेळाचें स्वरूप थोडक्यांत असें आहे. अंगण सुमारें ४० मीटर लांब व २० मीटर रुंद. त्याच्या भोंवतीं एक मीटर उंचीचा कठडा आणि कोपरे गोलाकार. प्रत्येक बाजूस एक गोलरक्षक व चार खेळाडू, म्हणजे एकूण पांच. चेंडू टणक, २३ सेंटिमीटर परिघाचा व १५५ ग्रॅम वजनाचा. गोल अवघा एक मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर पांच सेंटिमीटर उंच. चेंडू कठड्यावर आदळला तरी तो परत अंगणांत येतो व खेळ थांबत नाहीं. हिरवळीवरील हॉकींत धांवणारास थबकतां येतें. येथें पायच स्थिर नसतात. वेग राखून वळणें, आणि वळतांवळतां काठीच्या टोंकाशीं चेंडू सांभाळणें, यांतच या खेळाचें सारें कौशल्य आहे.

या खेळाचें माहेर इंग्लंड. केंट परगण्यांत समुद्रकांठीं हर्न बे नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील धक्क्यावरील सभागृहांत १९२६ सालीं पहिली युरोपीय स्पर्धा भरली व ती इंग्लंडनें जिंकली. त्यापूर्वीं दोन वर्षे, म्हणजे १९२४ सालीं, स्वित्झर्लंडमधील माँत्रे येथें चाकांच्या बुटांवरील खेळांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. खेळ इंग्रजांचा, परंतु त्याची व्यवस्था स्विस लोकांच्या हातीं, असा हा संसार सुरू झाला. १९२६ पासून १९३९ पर्यंत झालेली प्रत्येक युरोपीय स्पर्धा इंग्लंडनेंच जिंकली. साहजिकच १९३६ सालीं स्टुटगार्ट येथें जेव्हां पहिली जागतिक स्पर्धा भरली तेव्हां जगज्जेतेपदहि इंग्लंडकडेच गेलें. नांव जागतिक असलें तरी जमलेले संघ सारे युरोपांतील होते. दुसरी स्पर्धा १९३९ सालीं माँत्रे येथें झाली आणि तींतहि इंग्लंडच विजयी झालें.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत महायुद्धाचा वणवा पेटला. पुढील आठ वर्षे जागतिक स्पर्धा भरली नाहीं. आणि जेव्हां ती पुन्हां भरली तेव्हां सिंहासनावरचा राजा बदललेला होता. इंग्लंडला हें जगज्जेतेपद पुन्हां कधींच मिळालें नाहीं. ज्यांनीं खेळ जगाला शिकविला त्यांनाच तो पारखा झाला. हॉकीच्या बाबतींत पुढें आपल्यावरहि कांहींसा असाच प्रसंग आला, म्हणून भारतीयांना या घटनेचें मर्म समजावयास वेळ लागूं नये.

नवा राजा होता पोर्तुगाल. युद्धांत तो तटस्थ राहिला होता. १९४७ सालची स्पर्धा लिस्बनमध्यें भरली. तिच्यासाठीं जी वास्तु सज्ज करण्यांत आली तिचा इतिहासहि मनोरंजक आहे. १९२२ सालीं ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठीं पोर्तुगालनें हा मंडप उभारला होता. पुढें तो उतरवून लिस्बनला आणला गेला व एका उद्यानांत पुन्हां उभा करण्यांत आला. या मंडपांत पोर्तुगालनें आपलें पहिलें जगज्जेतेपद मिळविलें. पाठोपाठ १९४८, १९४९ व १९५० या तिन्ही वर्षीं तें त्याच्याकडेच राहिलें. त्या काळीं पोर्तुगालांत घरोघरीं रेडिओभोंवतीं माणसें जमत आणि निवेदकाच्या आवाजावर श्वास रोखून सामना ऐकत. ज्यांनीं अंगण कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें त्यांनाहि खेळाडूंचीं नांवें तोंडपाठ झालीं.

त्यांतील एक नांव जेझुस कुरैया याचें. हा गृहस्थ हिंवाळी फुटबॉलच्या मैदानावर जितका प्रसिद्ध तितकाच चाकांवर. लिस्बनच्या स्पोर्टिंग संघांतील पांच आघाडीच्या खेळाडूंना तेथील लोक ‘पांच व्हायोलिनें’ म्हणत. त्यांपैकीं तो एक. पुढें संघानें त्यास दोहोंपैकीं एकच खेळ निवडण्यास सांगितलें, तेव्हां त्यानें द्रव्य व कीर्ति देणारा फुटबॉल सोडला आणि रोलर हॉकी पत्करली. एखाद्या खेळावर लोकांचें प्रेम किती आहे हें मोजावयाचें असेल तर याहून निराळें माप शोधण्याची गरज नाहीं.

शेजारच्या स्पेनची कथा वेगळी आहे. तेथील हुकूमशाहीमुळें १९४६ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं आपले राजदूत माघारीं बोलाविण्याची शिफारस केली होती व तो देश एकाकी पडला होता. १९५० च्या अखेरीस ही शिफारस मागें घेण्यांत आली आणि १९५१ सालीं बार्सिलोना येथें रोलर हॉकीची जागतिक स्पर्धा भरली. स्पेन ती जिंकला. या यशांत हुआन अंतोनियो सामारांच या तरुण कार्यकर्त्याचा मोठा वाटा होता. हाच तरुण पुढें १९८० पासून २००१ पर्यंत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता. जगाच्या क्रीडाकारभाराचे धडे त्यानें या लहानशा अंगणाच्या कठड्याशीं उभें राहून गिरविले होते, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

यानंतर दोन शेजाऱ्यांची चढाओढ सुरू झाली ती आजतागायत चालूं आहे. पोर्तुगालच्या १९५८ नंतरच्या यशाचें रहस्य मात्र युरोपांत नव्हतें. त्या वेळच्या संघांतील फर्नांदो आद्रियांव, फ्रान्सिस्को व्हेलास्को इत्यादि नामवंत खेळाडू आफ्रिकेंतील मोझांबिकमधून आलेले होते. ज्या झेंड्याखालीं ते खेळत तोच झेंडा गोव्यावरहि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत फडकत होता. पोर्तुगीज राज्यकर्ते आपल्या वसाहतींना वसाहती न म्हणतां राष्ट्राचेच प्रांत म्हणत, आणि अशा संघाचा विजय त्यांच्या या दाव्यास सोयीचा पुरावा वाटे. परंतु काठी फिरविणारा हात कोणत्याहि सत्तेचा अंकित राहत नाहीं. १९७५ सालीं मोझांबिक व अंगोला स्वतंत्र झाले. राज्यकर्ते गेले, खेळ मात्र राहिला. २०११ च्या जागतिक स्पर्धेंत मोझांबिकनें स्वतःच्या ध्वजाखालीं चौथा क्रमांक मिळविला, आणि २०१३ ची स्पर्धा अंगोलांत लुआंडा व नामिबे या शहरीं भरली. आफ्रिकेच्या भूमीवर ती प्रथमच होत होती.

समुद्रापलीकडे, अर्जेंटिनांतील सान हुआन नगराचीहि हकीकत अशीच हृदयस्पर्शी आहे. १९४४ सालच्या जानेवारींत भूकंपानें हें शहर जवळजवळ जमीनदोस्त झालें. हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. नव्यानें बांधलेल्या त्या शहरानें रोलर हॉकीस आपलें मानलें. १९७० सालीं तेथें जागतिक स्पर्धा भरली. पुन्हां १९७८ सालीं भरली आणि या वेळीं अर्जेंटिना आपल्याच लोकांच्या डोळ्यांदेखत जगज्जेता झाला. युरोपाबाहेरील राष्ट्रानें हा मान मिळविण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्यानंतर १९८९, २००१, २०११ व २०२२ या वर्षीं स्पर्धा पुन्हां याच नगरांत आली, आणि २०२२ सालीं अर्जेंटिनानें तेथेंच सहाव्यांदा विजय संपादिला.

ऑलिंपिकचें दार या खेळासाठीं एकदांच किलकिलें झालें. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकांत, सामारांच अध्यक्ष असतां, तो प्रदर्शनार्थ खेळविला गेला. अंतिम सामन्यांत अर्जेंटिनानें यजमान स्पेनचा आठ विरुद्ध सहा गोलांनीं पराभव केला. परंतु त्यानंतर प्रदर्शनार्थ खेळांची प्रथाच बंद झाली व दार पुन्हां मिटलें. याचें कारण उघड आहे. १९३६ पासून २०२२ पर्यंत ४५ जागतिक स्पर्धा झाल्या. त्यांत स्पेन १७, पोर्तुगाल १६, अर्जेंटिना ६, इटली ४ आणि इंग्लंड २ वेळां विजयी झाले. पंचेचाळीस स्पर्धा आणि विजेतीं राष्ट्रें अवघीं पांच! पृथ्वीच्या इतक्या लहान भागांत ज्याचें वैभव सांठलें आहे त्या खेळास जागतिक म्हणावें काय, असा प्रश्न ऑलिंपिकच्या चालकांना पडला तर त्यांत नवल नाहीं.

याहून बिकट प्रश्न २००४ सालीं उभा राहिला. स्पेनमधील कातालोनिया हा प्रांत या खेळाचा बालेकिल्ला. आंतरराष्ट्रीय संस्थेनें त्यास तात्पुरतें सभासदत्व दिलें आणि मकाव येथें भरलेल्या दुसऱ्या श्रेणीच्या जागतिक स्पर्धेंत त्याचा संघ उतरला. इतकेंच नव्हे तर त्यानें ती स्पर्धा जिंकली. आतां पुढील वर्षीं पहिल्या श्रेणींत कातालोनिया व स्पेन समोरासमोर उभे ठाकणार, अशी चिन्हें दिसूं लागलीं. परंतु त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील फ्रेस्नो येथें भरलेल्या संस्थेच्या सभेनें हें सभासदत्व नामंजूर केलें. जो संघ अंगणांत अजिंक्य ठरला तो मतपेटींत हरला. एका बाजूस म्हणत कीं, ज्याची भाषा व परंपरा स्वतंत्र तें राष्ट्र. दुसऱ्या बाजूस म्हणत कीं, ज्याचें राज्य स्वतंत्र तेंच राष्ट्र. हा वाद चाकांच्या बुटांनीं निर्माण केलेला नव्हता आणि त्यांनीं तो सुटणाराहि नव्हता. परंतु ‘राष्ट्रीय संघ’ हा शब्द वाटतो तितका सोपा नाहीं, एवढें त्यानें सर्वांस दाखवून दिलें.

२०१९ सालीं बार्सिलोना येथें पोर्तुगाल व अर्जेंटिना यांच्यांतील अंतिम सामना एकहि गोल न होतां संपला आणि निकाल अखेर पेनल्टीच्या फटक्यांवर लागला. सोळा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर पोर्तुगाल पुन्हां जगज्जेता झाला. खेळाची थोरवी तो किती देशांत पसरला यावरून मोजण्याची आपली रीत आहे. परंतु लिस्बनमधील रेडिओभोंवतीं बसलेलीं कुटुंबें, भूकंपांतून सांवरलेलें सान हुआन आणि परक्यांचें राज्य गेल्यावरहि त्यांचा खेळ आपलासा करून ठेवणारें मोझांबिक यांच्याकडे पाहिलें म्हणजे या मोजमापांत कांहीं तरी उणें आहे असें वाटूं लागतें. खेळ थोड्यांचा असला तरी तो त्यांच्या जीवनांत किती खोल रुजला आहे, हेंहि पाहावयास हवें.