ठासणीच्या बंदुकीचा बार : पल्ला आणि अचूकता

मोहाडीत भरमार म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. धानाच्या बांधीत रानडुकरं शिरतात. पीकरक्षणाच्या परवान्याची तरतूद करताना १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आज आपण तिच्या इतिहासातला एकच प्रश्न घेऊ : दूरच्या नेमासाठी बार कसा निवडायचा?

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि आपला भंडारा जिल्हा त्यात आला. याच प्रांताच्या जंगल खात्यात जेम्स फोर्सिथ नावाचा लष्करी अधिकारी काम करत होता. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं पुस्तक १८७१ चं. पण त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता.

त्याचा मुद्दा समजण्यासाठी थोडं गणित करू. गोळी नळीतून सुटली की त्या क्षणापासून खाली पडू लागते. पाव सेकंदात ती सुमारे ३० सेंटिमीटर पडते, अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर. वेळ दुप्पट, पडणं चौपट! आता जंगलात सांबर ८० यार्डांवर आहे की १२० वर, हे कोण सांगणार? मोजपट्टी नाही, डोळ्याचाच अंदाज.

त्या काळची लष्करी रायफल म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड. तिची गोळी लांबट, सुमारे ३४ ग्रॅमची. दारू जेमतेम साडेचार ग्रॅम. तिच्या मागच्या नेमपट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. पल्ला मोठा, पण गोळीचा मार्ग कमानीसारखा. अंतराचा अंदाज जरा चुकला की गोळी डोक्यावरून तरी जाणार, नाहीतर पायात लागणार.

मग दारू वाढवावी? इथेच अडचण होती. नळीतल्या आट्यांचा पीळ घट्ट असेल, तर जास्त दारूच्या धक्क्याने चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी आट्यांबरोबर फिरत नाही; आटे ओरबाडून सरळ सुटते. नेम गेला! म्हणून फोर्सिथने पीळ सैल केला : १०४ इंचांत एक वेढा. मोठी गोल गोळी, भरपूर दारू, सैल पीळ. चौदा बोअर म्हणजे एका पौंडात चौदा गोळ्या, प्रत्येकी सुमारे ३२ ग्रॅमची. गोल गोळीचा वेग हवेत लवकर कमी होतो, त्यामुळे लांबचा पल्ला सोडावा लागला. पण शंभर-दीडशे यार्डांत मार्ग सपाट मिळाला.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला यात रस वाटतो तो यासाठी. बंदूक किती लांब मारते, हा एक प्रश्न. आपल्याला किती लांबचं खात्रीने कळतं, हा दुसरा. आपली नजर चुकणार हे गृहीत धरून भरलेला बार, तोच अचूक बार. त्या मर्यादेपलीकडे मारलेली गोळी जनावराला मारत नाही, जखमी करून सोडते. ते झुडपात तडफडत मरतं, किंवा पुढे भेटणाऱ्या गुराख्यावर धावून जातं. चूक मारणाऱ्याची, किंमत दुसऱ्याची.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचं ते युग संपवलं. प्रश्न मात्र संपलेला नाही. जिथे साधनाचा पल्ला माणसाच्या जाणण्यापेक्षा लांब होतो, तिथे तो आपल्याला पुन्हा विचारावा लागतो.