वीज गेली, अन् हृदयाची पेटी आली

आमच्या खंडाळ्याकडे कुणाची बायपास झाली की बाया दवाखान्यात भेटायला जातात. पेशंटच्या छातीखालून निघालेल्या बारीक तारा आणि उशाची पेटी पाहून घाबरतात. त्या पेटीची गोष्ट आज सांगतो.

ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके कधी कधी फार मंदावतात. १९५७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी अशा हृदयाला तार लावून विजेचे हलके झटके दिले. ठोके सुरळीत झाले. पण पेटी भिंतीतल्या विजेवर चालायची. ३१ ऑक्टोबरला तिथली वीजच गेली! वीज जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मग डॉक्टरांनी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन यांना गाठलं. गाण्याचा ताल धरणाऱ्या यंत्राची जोडणी बाकेननी एका मासिकात पाहिली होती. तीच वापरून काही आठवड्यांत त्यांनी हातात मावणारी, बॅटरीवरची पेटी केली.

अशक्त हृदयाला मात्र नुसता वेग पुरत नाही. जात्यावर दोघींचे हात लयीत लागले तरच दळण नीट पडतं ना? तसा वरचा कप्पा आधी, खालचा मागोमाग आकसावा लागतो. म्हणून गरजेप्रमाणे दोन्हीकडे तारा लावतात. हृदय सावरलं की काही दिवसांत डॉक्टर त्या हलकेच ओढून काढतात, पुन्हा ऑपरेशन लागत नाही. तोवर भेटायला गेलेल्यांनी तारांना आणि पेटीच्या बटणांना हात लावायचा नाही.