ब्रँडी, मोह आणि खानदेशचे राज्य

1620 साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या इंग्रजांनी अधिक चांगली जागा शोधण्याचा नाद सोडून दिला. शिधा सरत आला होता, विशेषतः बिअर, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे तेथील मूळ रहिवाशांशी सौदे करताना गोऱ्यांनी रम सढळ हाताने ओतली. हे ऐकून आपल्याला हसू येईल; पण आपल्या शेजारच्या धरणगावचा इतिहास काय सांगतो?

1818 साली खानदेश इंग्रजांकडे आला. भिल्ल मात्र आले नाहीत. डोंगरांतून त्यांचा पाठलाग करता करता पलटणी थकल्या. तेव्हा एल्फिन्स्टनने धोरण बदलले आणि 1825 मध्ये जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्यास भिल्लांचीच पलटण उभारण्यास धाडले. हा गृहस्थ नाईकांबरोबर एकटाच रानात गेला, पहाऱ्यावाचून त्यांच्यात राहिला आणि भरपूर ब्रँडी पाजून त्यांची मने त्याने जिंकली. हे कोणा विरोधकाचे दूषण नव्हे, त्याची स्वतःची कबुली आहे. सरकारी माणसाच्या लेखणीत असा मोकळेपणा विरळाच! अखेर पाच जण तयार झाले. त्या पाचांतून भिल्ल पलटण वाढली व धरणगाव तिचे मुख्य ठाणे झाले.

भिल्लाला दारू औट्रमने शिकविली, असे मात्र कोणी समजू नये. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे मोहाची फुले गळतात. बायकापोरे ती वेचतात, उन्हात वाळवितात. दुष्काळात तीच अन्न. भिजवून आंबविली आणि भट्टीवर चढविली की दारू. लग्न ठरले, तंटा मिटला की ती हवीच. आणि पिण्यापूर्वी पितरांसाठी चार थेंब जमिनीवर.

ज्या राज्याने पेला पुढे करून पाय रोवले, त्याच राज्याने 1878 च्या अबकारी कायद्याने घरच्या भट्टीला गुन्हा ठरविले. दारू पिणे गुन्हा नव्हता बरे का. ती सरकारला कर भरणाऱ्या मक्तेदाराच्या दुकानातून घ्यावी, एवढेच! ठाणे-कुलाब्यात तर 1892 साली मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. दुकानदार बहुधा पारशी. उधारी वाढली, जमिनी त्यांच्याकडे गेल्या.

1922 साली मात्र पश्चिम खानदेश, डांग आणि सुरतेकडे आदिवासींच्या अंगात सलाबाई देवी येऊ लागली. तिची आज्ञा होती : दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, पारशाच्या दुकानी जाऊ नका. हजारोंनी ती पाळली आणि दुकाने ओस पडली.