आजोबांच्या रेडिओपासून सासूबाईंच्या पडद्यापर्यंत



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मी चार ओळी लिहाव्यात असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढेच शाळेत कळले. परंतु आपल्या घरातल्या गाण्यागोष्टींच्या यंत्रांनाही इतिहास आहे. तो काही ऐकून, काही भोगून मला ठाऊक आहे, तोच येथे देते.

मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९५७ साली विविध भारती आली. त्या काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि त्याचे पैसे टपाल कचेरीत भरावे लागत. सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी परवाना आजोबांच्या नावचा आणि बटणही आजोबांच्याच हातचे. बायकांनी स्वयंपाकघरातून कान द्यावा. दुपारी ‘वनिता मंडळ’ लागे तेव्हा पुरुषमंडळी कामावर असत. तेवढाच काय तो रेडिओ बायकांचा.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९८२ साली चित्र रंगीत झाले. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे, तेव्हा मी लहान होते. आम्ही मुले आंघोळी उरकून शेजाऱ्यांच्या सतरंजीवर जाऊन बसत असू. आई दारात उभी राही. तिचे अर्धे लक्ष चुलीवरच्या वरणाकडे. हुकलेला प्रसंग हुकलाच. पुढे केबल आली, १९९९ साली अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली. वाहिन्या वाढल्या, पण रिमोट एकच राहिला. तो कोणाच्या हाती असे, हे मी सांगायला नको.

आता इंटरनेटवरून चित्र येते. त्याला स्ट्रीमिंग म्हणतात. अमेरिकेत नेटफ्लिक्सने २००७ साली ही सोय सुरू केली. आपल्या देशात ती कंपनी २०१६ च्या जानेवारीत आली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट गरिबाच्याही आवाक्यात आले. मुलाने मला पुष्कळ समजावले, पण उमगले ते जात्यावरून. सगळे पोते एकदम जात्यात ओतत नाहीत. एकेक मूठ वैरायची आणि पीठ पडत राहते. तसेच चित्राचे बारीक तुकडे येतात आणि येतील तसे पडद्यावर दिसतात. मुठीला उशीर झाला की जाते रिकामे फिरते. पडद्यावर गोल चक्र फिरते ते हेच.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या. खुब्याचे हाड मोडले आणि त्या आतल्या खोलीत अंथरुणाला खिळल्या. टीव्ही बाहेर. “नुसता आवाज येतो गं, माणसं दिसत नाहीत,” असे म्हणून भिंतीकडे तोंड करून पडत. ह्यांनी माळ्यावरचा जुना टीव्ही आत मांडून दिला, पण केबलची तार तेथवर येईना. मी भिशीचे पैसे घेऊन एकटीच बाजारात गेले आणि टीव्हीला खोचायची काडी आणली. घरी पाहते तर खोचायला जागाच नाही! मागे पिवळे, पांढरे, तांबडे असे तीन गोल खाचे. एचडीएमआयची चपटी खाच २००२ साली ठरली. आमचा टीव्ही त्याहून जुना. दुकानदार परत घेईना. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. शेवटी भाचीने सांगितले, मध्ये जोडायची एक डबी मिळते. ती आणली. दोन भिंतींपलीकडे वायफाय पोचेना, म्हणून त्याचे यंत्र मधल्या दारावर टांगले. अक्षरे बारीक दिसतात, पण चेहरे स्वच्छ दिसतात.

पहिल्या दिवशी ‘संगीत सौभद्र’ लावले. मध्येच औषधाची वेळ झाली. मी बटण दाबले. सासूबाई पाहतच राहिल्या. म्हणाल्या, “सूनबाई, नाटक माझ्यासाठी थांबलं गं!”

माझा तोटा झाला तसा तुमचा होऊ नये, म्हणून सांगते. आधी टीव्हीची पाठ पाहा, मग बाजारात जा. टीव्हीत इंटरनेटची सोय मुळातच असेल तर वेगळी काडी घेऊ नका. वायफाय त्या खोलीत पोचते का, ते मोबाइलवर पाहून घ्या. स्वच्छ चित्राला सेकंदाला पाच मेगाबिटचा वेग पुरतो. त्याहून महाग योजना कोणी गळ्यात मारीत असेल तर दोनदा विचार करा. दर महिन्याची वर्गणी पाहण्यात येईल तेवढीच भरा.

सासूबाई आता काठी घेऊन चालतात. दुपारी काय पाहायचे ते त्याच ठरवितात. ज्या भगिनींना असे यंत्र घ्यायचे असेल, त्यांनी मला हाक मारावी. मी येऊन टीव्हीची पाठ पाहून जाईन.