सावली वाचण्याचा हक्क

मराठी शाळेच्या बीजगणितात अज्ञात राशीला 'क्ष' म्हणण्याची पद्धत जुनी आहे. 1895 च्या नोव्हेंबरात वुर्झबुर्गच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या किरणांना राँटगेनने 'एक्स' म्हटले, तेही त्यांचे स्वरूप अज्ञात होते म्हणूनच. तेव्हा 'क्ष-किरण' हा आपला शब्द अर्थाला अर्थ जुळवून आलेला आहे, आणि सरकारी रुग्णालयातल्या पदाचे नावही त्यावरून पडले: क्ष-किरण तंत्रज्ञ. हजीऱ्यात मात्र, म्हणजे सुरतेच्या खाली तापी जिथे समुद्राला मिळते त्या कारखान्यांच्या पट्ट्यात, 'रेडिओग्राफर' हा शब्द रुग्णालयाबाहेर जास्त ऐकू येतो. तिथला रेडिओग्राफर म्हणजे रात्रपाळीत पाइपच्या जोडाला फिल्म गुंडाळणारा माणूस. गावातल्या दवाखान्यात छातीचा फोटो काढणारा आणि हा, दोघांच्या खिशाला किरण मोजणारा बॅज सारखाच, वर्षाकाठी अंगावर घेता येणाऱ्या किरणांची मर्यादा सारखीच, देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळही एकच. तरी कारखान्यातल्याच्या धंद्यात फोटो काढणारा हात हळूहळू फोटो वाचणारा डोळा होऊ शकतो. दवाखान्यातल्याच्या धंद्यात आयुष्यभर फोटो काढूनही तो परक्याच्याच वाचनासाठी काढलेला राहतो. हा फरक कामाच्या अवघडपणातून आला, असे सहसा मानले जाते. माझ्या मते तो इतिहासातून आला. किरण पोचण्याआधी त्या खोलीत कोण उभे होते, यावर तो ठरला.

या दोन धंद्यांची नाळ एकच आहे, हे राँटगेनच्या पहिल्याच निबंधात दिसते. 28 डिसेंबर 1895 ला सादर केलेल्या त्या लेखात कोणकोणत्या वस्तूंच्या सावल्या टिपल्या याची यादी आहे. तीत हाताची हाडे आहेत, लाकडी रिळावर गुंडाळलेली तार आहे, पेटीतली वजने आहेत, आणि एक धातूचा तुकडाही आहे, ज्याच्या पोटातला असमानपणा किरणांनी उघड केला. हाड आणि धातू एकाच वाक्यात. जगाने त्यातले हाड उचलले, कारण राँटगेनच्या पत्नीचा अंगठीसकट हात वर्तमानपत्रांना जेवढा भावला, तेवढा धातूचा तुकडा भावणे शक्य नव्हते.

सुरुवातीच्या वर्षांत किरणांची नळी कोणीही चालवी: छायाचित्रकार, विजेची कामे करणारे, हौशी रसायनशास्त्रज्ञ. भारतात यंत्र लवकर आले ते लष्कराबरोबर. 1897-98 च्या तिराह मोहिमेत बीव्हर नावाच्या लष्करी शल्यवैद्याने वायव्य सरहद्दीवर जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला ते वापरले. हा तपशील साधा वाटतो, पण पुढचे बरेच काही त्यात आहे. ज्या खोलीत, किंवा तंबूत, यंत्र आले तिथे डॉक्टर आधीपासून होता, रोगी त्याचा होता आणि निदान हा त्याचा व्यवसाय होता. नळी तापवणारा, काचेची प्लेट धुणारा माणूस त्याचा मदतनीस ठरला. किंमत मात्र दोघांनी सारखीच मोजली. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली 1904 मध्ये किरणांनी झालेल्या कर्करोगाने गेला, आणि 1936 मध्ये हॅम्बुर्गला किरणांच्या बळींचे जे स्मारक उभे राहिले, त्यावरच्या 169 नावांत डॉक्टर आणि तंत्रज्ञ एकत्र आहेत. इंग्लंडमध्ये 1920 साली रेडिओग्राफरांनी आपली सोसायटी काढली. त्याच दशकात डॉक्टरांच्या आग्रहापुढे नमून तिच्या सभासदांना एक अट मान्य करावी लागली: फोटोवर अभिप्राय द्यायचा नाही. त्याआधी त्यांतले काही जण तो देत असत. म्हणजे वाचता येत नाही म्हणून हक्क नव्हता, असे झाले नाही. वाचणे चालू होते, ते करारात थांबवले गेले. आपल्याकडची पदे आणि अभ्यासक्रम इंग्रजी नमुन्यावर बेतले गेले, तेव्हा ती अट इथे वादाशिवाय आली, जणू निसर्गनियमच.

धातूच्या बाजूला असा कोणी यजमान नव्हता. 1922 मध्ये अमेरिकेत वॉटरटाउनच्या शस्त्रागारात होरेस लेस्टरने ओतीव पोलादाच्या आत पाहायला सुरुवात केली, तेव्हा पोलादाचा 'डॉक्टर' म्हणून मिरवणारा कोणताही संघटित व्यवसाय त्याच्या आड आला नाही. त्याच्या कामामागे होते ते बॉयलरचे स्फोट. 1905 मध्ये ब्रॉक्टनच्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून 58 माणसे मेली, आणि त्यानंतरच्या दशकात अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एएसएमईने, बॉयलरची संहिता आणली. वेल्डिंगवर या संहितेचा भरवसा बरीच वर्षे नव्हता. जोड बाहेरून गुळगुळीत दिसतो, आत काय आहे ते कळत नाही. 1930 च्या दशकाच्या तोंडावर तिने वेल्ड केलेल्या भांड्यांना परवानगी दिली ती क्ष-किरण तपासणीच्या अटीवर. तपासणी सक्तीची झाली, तशी केवढे छिद्र चालेल, केवढी भेग चालणार नाही याची कोष्टकेही आली. डॉक्टरच्या जागी कागद बसला. कागदाला मदतनीस लागत नाही, वाचक लागतो. 1960 च्या दशकात अमेरिकी तपासनिसांच्या संस्थेने या वाचकांच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवरचा शॉट घेतो, दुसऱ्यावरचा फिल्म वाचून जोड पास की नापास ते ठरवतो, तिसऱ्यावरचा पद्धतच आखून देतो. शिडी एकच, आणि तळच्या पायरीवरून वर जाता येते.

ही शिडी हजीऱ्यात आली 1980 च्या दशकात. त्याआधी या किनाऱ्याची ओळख म्हणजे सुवाळीचे बंदर, जिथे 1612 मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची झटापट झाली. मराठी वाचकाला सुरत म्हटले की 1664 चा जानेवारी आठवतो, तो आणखी अलीकडचा. कारखान्यांचा हजीरा घडला समुद्रातल्या वायूमुळे. वसईच्या नावावरून 'बेसीन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रातला वायू समुद्रतळावरच्या पाइपांतून इथे आणायचा, त्यातला गंधकयुक्त भाग काढायचा आणि पुढे पाठवायचा, असा तो बेत. गंधकयुक्त वायू वेल्डिंगचा वैरी आहे. जोडाजवळचे पोलाद कडक राहिले तर हायड्रोजन सल्फाइडमुळे ते तडकते. 1984 च्या ऑगस्टमध्ये गेल ही कंपनी स्थापन झाली आणि हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीचे काम तिच्याकडे आले. लांबी सुमारे 1,700 किलोमीटर. एक पाइप 12 मीटरचा धरला तर जोड 1 लाख 40 हजारांच्या घरात जातात. 1986 मध्ये कृभकोचे खत उत्पादन सुरू झाले. लार्सन अँड टुब्रोचा जाड भिंतींची भांडी घडवणारा कारखाना आला, ज्याने पुढे फ्रान्समधल्या ईटर या अणुसंमीलन प्रकल्पासाठी सुमारे 30 मीटर रुंद आणि तितक्याच उंच क्रायोस्टॅटचे भाग बनवून पाठवले. एवढ्या पोलादाला डोळे लागत होते.

हे डोळे कसे चालतात ते एकदा जवळून पाहायला हवे. जोडाभोवती फिल्मच्या पट्ट्या शिशाच्या पातळ पत्र्यांत घालून गुंडाळतात. वर शिशाचे आकडे चिकटवतात, जोडाचा क्रमांक कोणता आणि पट्टी कुठली हे सावलीतच उमटावे म्हणून. दवाखान्यात कॅसेटवर डाव्या-उजव्याचे शिशाचे अक्षर ठेवतात, त्याचा हा सख्खा भाऊ. शेजारी बारीक होत जाणाऱ्या तारांचा एक तुकडा ठेवतात. सर्वांत बारीक तारांपैकी ठरलेली तार फिल्मवर दिसली नाही, तर ती फिल्मच बाद. मग दोरी बांधून आवार मोकळे करतात, लाल दिवा लुकलुकू लागतो, आणि लांब उभा असलेला रेडिओग्राफर हँडल फिरवतो. 'कॅमेरा' म्हटल्या जाणाऱ्या पेटीत, निःसत्त्व युरेनियमच्या कवचात बसलेला इरिडियम-192 चा दाणा नळीतून सरकत जोडापाशी जातो. हा दाणा ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार झालेला, आणि 74 दिवसांत त्याचा जोर निम्मा होतो. म्हणून आज जो शॉट दोन मिनिटांचा, तो अडीच महिन्यांनी चार मिनिटांचा. दाणा परत आत आल्यावर मीटर घेऊन कॅमेऱ्यापर्यंत चालत जायचे. काटा खाली आला आहे याची खात्री झाल्याखेरीज नळीला हात लावायचा नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्यावर उजळ पडद्यापुढे धरली की जोड फिकट पट्ट्यासारखा दिसतो. अडकलेली हवा काळ्या ठिपक्यांनी, राहून गेलेला मळ वेड्यावाकड्या रेघांनी, मुळाशी न भिनलेला धातू मधोमध सरळ काळ्या रेषेने. टंगस्टनचा कण तेवढा पांढरा ठिपका. दुसऱ्या पायरीचा माणूस 'रिपेअर' असे लिहितो आणि वेल्डरला जोड खरवडावा लागतो. मग त्याच अहवालावर ग्राहकाचा किंवा त्रयस्थ संस्थेचा तपासनीस पुन्हा नजर टाकतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जोडाला कोष्टक आहे, शरीराला नाही. तीन मिलिमीटरचे छिद्र चालते की नाही हे संहिता सांगते; तीन मिलिमीटरची फुप्फुसातली गाठ कोणाची, किती वर्षांची, धूम्रपान करणाऱ्याची की क्षयातून बरे झालेल्याची, यावर सगळे अवलंबून. हे खरेच आहे, आणि संपूर्ण निदान तंत्रज्ञाच्या हाती द्यावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण आक्षेप जेवढे सिद्ध करतो त्यापेक्षा जास्त मागतो. मनगट मोडले आहे की नाही, हा प्रश्न कोष्टकाच्या बराच जवळचा आहे. ब्रिटनमधल्या काही रुग्णालयांत 1980 च्या दशकात रेडिओग्राफर शंकास्पद फिल्मवर लाल ठिपका चिकटवू लागले, अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरच्या नजरेतून मोड निसटू नये म्हणून. तिथून पुढे प्रशिक्षण घेऊन अभिप्राय लिहिणारे विशेषज्ञ रेडिओग्राफर तयार झाले. 1920 च्या दशकात बंद केलेले दार त्याच देशाने उघडले. आपण दार बंद करण्याची पद्धत घेतली, उघडण्याची नाही. जबाबदारीचा मुद्दा याच आक्षेपाचा धाकटा भाऊ. चूक झाली तर कोण भरेल? पण अमोनियाच्या भांड्याचा जोड फुटला तर मरणारा माणूस एक नसतो, तरी तिथे वाचण्याचा अधिकार दिला गेला, आणि सोबत दुसरे वाचन ठेवून तो सुरक्षितही केला गेला.

दुसरा आक्षेप आपल्या समाजातून येतो आणि मला तो अधिक अडचणीचा वाटतो. ब्रिटनमध्ये सोनोग्राफी करणारे पुष्कळ जण मूळचे रेडिओग्राफरच असतात. भारतात सोनोग्राफीचा प्रोब फक्त डॉक्टरच्या हाती. कारण उघड आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात पहिला कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला. मुलींच्या घटत्या संख्येपुढे यंत्र किती हातांत असावे याची भीती बाळगण्यात गैर काही नव्हते. मात्र त्या कायद्याखाली ज्यांच्यावर खटले झाले ते प्रामुख्याने प्रोब हाती असलेले डॉक्टरच, त्यामुळे पदवीने सचोटी येते असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आणि एका यंत्राबाबतची भीती छातीच्या आणि हाडांच्या फोटोंवरही आपोआप लागू झाली, तिची वेगळी छाननी झाली नाही.

2021 च्या मार्चमध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्याच्या अंतराने घडल्या. संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापणारा कायदा झाला आणि त्यात रेडिओलॉजी व इमेजिंगच्या तंत्रज्ञांना प्रथमच स्वतंत्र व्यवसाय म्हणून नाव मिळाले. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या चाळणीसाठी छातीचा फोटो माणसाऐवजी संगणकाने वाचला तरी चालेल, अशी शिफारस 15 वर्षे आणि वरच्या वयोगटासाठी केली. म्हणजे शंभरेक वर्षे फोटो काढणाऱ्याला जो हक्क नाकारला, तो चाळणीपुरता का होईना, एका प्रणालीला मिळाला, आणि त्या प्रणालीसाठी फोटो काढतो तो क्ष-किरण तंत्रज्ञच. तिकडे कारखान्यात जाड भिंतींच्या भांड्यांवर आता फिल्मऐवजी ध्वनिलहरींची तपासणी पुष्कळदा चालते. तिथेही अहवालाच्या तळाशी तपासणाऱ्याचे नाव आणि पायरी लिहावी लागते. छातीच्या फोटोच्या अहवालावर डॉक्टरची सही असते. फोटो काढणाऱ्याचे असे म्हणता येईल ते कोपऱ्यातले शिशाचे अक्षर, डावे की उजवे एवढे सांगणारे.