दीड मिलिमीटरची गोष्ट

कुर्डुवाडीचा आणि गोल्फचा काडीइतकाही संबंध नाही. आमच्याकडे हिरवळ नाही, आणि चुकूनमाकून चार काड्या उगवल्याच तर त्यांवर पहिला हक्क शेळ्यांचा. मैलभर चालत जाऊन चेंडू शोधायचा आणि सापडला की पुन्हा दूर घालवून द्यायचा, या उद्योगाला आमच्याकडे खेळ म्हणत नाहीत. गुराखी हेच करतो, पण तो संध्याकाळी गाय घेऊन परत तरी येतो. तरीसुद्धा गोल्फच्या चेंडूवर चार शब्द लिहिण्याचा अधिकार कुर्डुवाडीकराला आहे, असे माझे नम्र मत आहे. का, ते पुढे येईलच.

माझे एक मेहुणे पुण्यात गोल्फ खेळतात. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितले. नुसते चालणे त्यांना कमीपणाचे वाटले. त्यांच्याबरोबर एकदा चेंडू घ्यायला गेलो. दुकानदाराने सात-आठ खोकी मांडली. सगळे चेंडू पांढरे, सगळे गोल, सगळ्यांच्या अंगावर देवीचे वण. मेहुण्यांनी एकेक उचलून पाहिला, मुठीत दाबला, उजेडात धरला. हापूसची पेटी घेणारा माणूसही इतका चिकित्सक नसतो. अर्ध्या तासाने त्यांनी सर्वांत महाग खोके उचलले.

"हाच का?" मी विचारले.

"मोठे मोठे खेळाडू हाच वापरतात."

आता मोठे खेळाडू जो साबण वापरतात तो वापरून आपण गोरे होत नाही, हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले आहे. पण चेंडूच्या बाबतीत ही श्रद्धा अजून टिकून आहे. ती कुठून आली हे पाहण्यासाठी मी इतिहासात शिरलो आणि पहिल्याच पानावर पिसे सापडली.

स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे पंढरपूर. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू असे तो कातडी पिशवीचा. टोपीभर पिसे उकडून त्या एवढ्याशा पिशवीत ठासायची, तोंड शिवायचे, वर रंग द्यायचा. कसबी कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीन-चार चेंडू व्हायचे. एकाची किंमत अडीच ते पाच शिलिंग. पावसात भिजला की चेंडू जड व्हायचा, आणि फटका वर्मी बसला तर उसवून पिसे बाहेर. तेव्हा खेळाडूपुढे निवडीचा प्रश्न नव्हता. परवडतो की नाही, एवढाच प्रश्न होता. गोल्फ हा साहेबाचा खेळ झाला त्यात या पिसांचा वाटा मोठा आहे.

हाच खेळ साहेबाने इकडे आणला. १८२९ साली कलकत्त्याजवळ डमडमला क्लब निघाला; ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना. १८४२ साली मुंबईत दुसरा निघाला. मुंबईकर साहेबांनी पुढे सेंट अँड्र्यूजला एक रौप्यपदकही पाठवले. पण मुंबईचा जुलै आणि पिसांचा चेंडू यांची गाठ पडल्यावर काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. ओल्या गोधडीला काठीने बडवल्यासारखा आवाज येत असावा.

यातून गोल्फची सुटका कोणी केली? साक्षात विष्णूने! अशी आख्यायिका आहे खरी. १८४० नंतरच्या काही वर्षांत पूर्वेकडून विष्णूची एक संगमरवरी मूर्ती सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन नावाच्या घरी पोहोचली. वाटेत धक्का लागू नये म्हणून तिच्याभोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की घट्ट. १८७० साली मुंबईपर्यंत आलेली समुद्राखालची तार याच चिकात गुंडाळलेली होती, आणि आजही दाताचे रूट कॅनॉल केलेल्या सद्गृहस्थांच्या तोंडात तो असतो. पॅटर्सनच्या मुलाने म्हणे त्याचा गोळा वळून चेंडू केला. आख्यायिकेचे खरेखोटे विठ्ठलाला माहीत. चेंडू मात्र खरा. किंमत एक शिलिंग, पावसाची भीती नाही, आणि पोचे पडले की गरम पाण्यात टाकून पुन्हा वळावा. विष्णूचा हा अवतार पुराणांत नोंदवायचा राहून गेला.

स्वस्ताई आली की कोणाचे तरी दुकान बसते. अ‍ॅलन रॉबर्टसन हा पिसांच्या चेंडूंचा नामांकित कारागीर आणि त्या काळचा अव्वल खेळाडू. तो नवे चेंडू पोरांकडून विकत घेऊन जाळून टाकी, असे सांगतात. त्याचा शिकाऊ सहकारी टॉम मॉरिस एकदा गटापर्चाच्या चेंडूने खेळताना सापडला. दोघांची फाटली. मॉरिसने वेगळे बिऱ्हाड केले आणि पुढे चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकली. रॉबर्टसनही अखेर गटापर्चाचेच चेंडू विकू लागला. ज्याला जाळले त्यालाच दुकानात मांडायची पाळी आली!

गंमत पुढेच आहे. नवाकोरा गुळगुळीत चेंडू हवेत भलतीकडे जाई. मार खाऊन खरबडलेला सरळ आणि लांब जाई. टक्केटोणपे खाल्लेला माणूसच पुढे जातो, असे आमचे मास्तर छडी हातात घेऊन सांगत, ते गोल्फच्या बाबतीत शब्दशः खरे निघाले. कारागीर मग हातोडीने आधीच टोचे मारून चेंडू विकू लागले. १९०५ साली विल्यम टेलर या इंग्रज कारखानदाराने खळग्यांच्या चेंडूचे पेटंट घेतले. खळग्यांमुळे हवेचा थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो, मागे पोकळी कमी होते आणि हवेचा अडथळा जवळजवळ निम्म्यावर येतो. देवीच्या वणांचा अर्थ हा असा.

मधल्या काळात, १८९८ साली, अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी कोबर्न हॅस्केल याने रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू काढला. १९०२ साली सँडी हर्डने त्याच चेंडूवर ब्रिटिश ओपन जिंकली आणि गटापर्चा अस्ताला गेला. जिंकणाऱ्याच्या हातातला चेंडू आपल्या हातात हवा, ही माझ्या मेहुण्यांची व्याधी निदान तेवढी जुनी आहे.

आणि आता कुर्डुवाडीकराचा अधिकार सुरू होतो.

ब्रिटिशांनी चेंडूचा व्यास निदान १.६२ इंच ठरवला. अमेरिकेने १९३१ साली तो १.६८ इंच केला. वजनाची मर्यादा पुढे दोघांची एकच, १.६२ औंस. फरक किती? दीड मिलिमीटर! शाळेतल्या फूटपट्टीवरचे दीड घर. पण ब्रिटिश म्हणत, आमच्या समुद्रकाठच्या वाऱ्यात लहान चेंडूच कापत जातो. अमेरिकन म्हणत, मोठा गवतावर नीट बसतो. जवळजवळ साठ वर्षे जगात गोल्फची दोन गेज चालू होती.

गेजचा तंटा म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवू नये. आमच्या स्टेशनात ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची आणि बार्शी लाइट ७६२ मिलिमीटरची. मुंबईहून आलेला वारकरी इथे उतरणार, गाठोडे डोक्यावर घेणार आणि बारक्या गाडीत शिरणार. मालाचेही तेच, एका डब्यातून काढा, दुसऱ्यात भरा. अर्धी कुर्डुवाडी या तीन फुटांच्या फरकावर जेवत होती.

पण ही बारकी गाडी कंजूषपणातून आलेली नव्हती. १८९७ साली बार्शीपर्यंत लाइन टाकणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपने मोठ्या रेल्वेकडे काय आहे, हा प्रश्न विचारलाच नाही. या मुलुखाला काय झेपेल, हे त्याने पाहिले. रूळ हलके, आणि इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. त्या हिशेबावर गाडी १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज गाठून आली.

पुढे दोन्हीकडे एकच घडले. १९७४ पासून ब्रिटिश ओपनमध्ये मोठा चेंडू सक्तीचा झाला आणि १९९० साली लहान चेंडू नियमांतूनच गेला. १९९२ साली आपल्या रेल्वेने सगळीकडे एकच गेज करायचे ठरवले. २००० नंतरच्या दशकात बार्शी लाइटचे रूळ एकेक तुकड्याने उखडले. सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. गाडी न बदलता पंढरपूर गाठता येते, आणि एडिंबराचा खेळाडू न्यूयॉर्कला गेला तर त्याला खोके बदलावे लागत नाही. हमालाला आणि वाऱ्यात खेळणाऱ्याला मात्र कोणी विचारले नाही.

म्हणजे चेंडू आधी खिशाने निवडला, मग नियमाने. खेळाडूच्या वाट्याला जी निवड उरली तीत त्याने मिजास घातली. गुंडाळलेल्या चेंडूंच्या काळात त्यांच्यावर ८०, ९०, १०० असे दाबाचे आकडे असत. शंभराचा घट्ट चेंडू जोरदार फटक्याचा, म्हणून ज्यांचा फटका गवताला सुखाने चाटून जाई तेही शंभरच मागत. मऊ बालाटा कवचाचा चेंडू हिरवळीवर जागच्या जागी थांबे, पण फटका चुकला की त्याला ओठ फाटल्यासारखी चीर पडे. कठीण कवचाचा टिके, पण थांबेचना. सन २००० मध्ये टायटलिस्टचा प्रो व्ही वन आला, भरीव गाभा आणि मऊ कवच घेऊन, आणि काही वर्षांत धागा गुंडाळलेले चेंडू दिसेनासे झाले. तोच मेहुण्यांचा. पुढे तळे आले की मात्र ते खिशातून एक जुनापुराणा चेंडू काढतात. माझ्या मते तो क्षणभर त्यांची निवड अगदी प्रामाणिक असते. बाकी वेळी ते कीर्तीसाठी खेळतात, तळ्यापाशी स्वतःच्या हाताला ओळखून.

डिसेंबर २०२३ मध्ये नियम करणाऱ्या दोन्ही संस्थांनी, चेंडू फार लांब जाऊ लागले म्हणून, पल्ल्याची कसोटी आणखी कडक करण्याचा निर्णय जाहीर केला. पुन्हा तक्रारी झाल्या. कारखानदार रुसले, खेळाडू रुसले. रॉबर्टसन असता तर त्याने काडेपेटी शोधली असती.

नियम वरून येणार, भाव दुकानदार ठरवणार. त्यांच्यापुढे आपले काही चालत नाही. पण मधे उरलेल्या चिंचोळ्या जागेत जाणते लोक जो सल्ला देतात तो साधा आहे: आपल्या फटक्याला जमेल असा एक चेंडू धरा आणि तोच खेळत राहा. गोल्फरांना तो पटायला पुष्कळ वर्षे लागतात. कॅलथ्रॉपने तो पाच टनांच्या हिशेबात आमच्या माळावर १८९७ सालीच मांडून ठेवला होता. आणि त्याने साहेब असूनही त्यासाठी हिरवळ मागितली नव्हती.